जाळी सैल आहे तोवर

नांदेडहून ताईच्या कॉलेजातून फोन आला तेव्हा मी अहमदपूरच्या दुकानात गिऱ्हाइकाला कापड फाडून देत होतो. मनात पहिलं आलं, पडली असेल. पडली नव्हती. खुर्चीत बसल्या बसल्या हृदय थांबलं... दीड महिना होत आला, तरी मी अजून तिच्या पडण्याचीच काळजी करत असतो. या काळजीचाही आता शीण आलाय.

शैलाताई माझी थोरली बहीण. मेंदूत तोल सांभाळणारी केंद्रं असतात, त्यांच्या अभ्यासात तिनं उमेदीची वर्षं घातली. तिथल्या पेशींपेक्षा तिला पेशींच्या मधली जागा प्यारी. "तिथं रिकामं काही न्हाई रे, बसू," ती मला म्हणायची, "साखरेच्या साखळ्या नि प्रथिनं यांची जाळी असती. पेशीला आवळून धरती." लग्नकार्यात कुणी विचारलं की आई सांगायची, "पोरगी जाळ्या बघती."

मग गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ताईच्याच डाव्या कानाची तोलाची नस गेली. उभी राहिली की भिंती फिरायच्या. मी तिला घरी आणलं. जो तो म्हणे, पडून राहा. ती ऐकेना. "कानाची खबर बंद पडली की ती जाळी काही दिवस सैल होती. नव्या जोडण्या तवाच होतात, मग पुन्हा आवळती. उंदरात बघितलंय मी. माणसात तसंच असंल तर मला आत्ताच हललं पाहिजे." तिला परत शिकवायचं होतं. फळ्यावरून मान वळवून वर्गाकडे बघायचं, एवढंच. आणि नेमकं तेच जमत नव्हतं.

रोज सकाळी ती ओसरीत बसून डावा हात डोळ्यांसमोर धरायची आणि अंगठ्यावर नजर रोखून मान हळूहळू इकडून तिकडे फिरवायची. घाम फुटायचा, उमासे यायचे. त्यात भेटायला येणारी माणसं! कुणी खांदा धरी, कुणी कपाळ दाबी, "असू दे माय, पड जरा." माया उतू जायची आणि व्यायाम मोडायचा.

एक दिवस आई दारातूनच लोकांना सांगू लागली, "शैला पूजेत हाय." आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन नजर लावून बसलेल्या माणसाला कुणी शिवत नाही, हाकसुद्धा मारत नाही. लोक बाहेरच चहा पिऊन जाऊ लागले. मला वाटलं, म्हातारीचा घोटाळा झालाय, व्यायामालाच पूजा समजतेय. ताईनं कॉलेजात गेल्यापासून पूजा सोडलेली, त्यावरून दोघींचं कायम वाजायचं. आई खूश आहे तर कशाला सांगा? ताईही अंगठ्यावर नजर लावून मान फिरवत राहिली. उन्हाळा सरता सरता ती नांदेडला परत गेली. "वळून बघितलं, वर्ग जागेवर होता," असा तिचा फोन आला.

तिला माती दिल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मी आईला म्हटलं, "शेवटी पूजा तरी घडली तिच्या हातून."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "येडा हायस का रे? तिच्या हातात लिंग कुठं होतं? अंगठा होता. मला दिसत न्हाई का?"

"मग लोकांना तसं..."

"लोकं दुसऱ्या कशाला थांबत न्हाईत, बाबा."

हल्ली आई सकाळी पूजेला बसते ती उन्हं चढेपर्यंत उठत नाही. पूर्वी एवढा वेळ लागत नसे. दुकानाची किल्ली तिच्यापाशी असते. मी ओसरीत उभा राहतो, हाक मारत नाही.