झाकणाची दाद

बेस गिटार वाजवते म्हटलं, की लोक विचारतात, "म्हणजे गिटारच ना?" मग मी सांगते, की नाही, याला चारच तारा असतात, त्या जाड असतात आणि आवाज खालचा, घुमणारा असतो. समोरचा समजल्यासारखी मान हलवतो आणि म्हणतो, "अच्छा. मग गिटार कधी शिकणार?" यावर काय बोलावं हे मला अजून सुचलेलं नाही. चाळिशी उलटलेल्या, सरकारी संशोधन संस्थेत नोकरी करणाऱ्या बाईने हे वाद्य का धरावं, हेही मला नीटसं सांगता येत नाही. धरलं खरं, आणि आता सुटत नाही.

बंगळुरात आमच्यासारख्यांचा एक छोटा कळप आहे. शनिवारी सकाळी जयनगरच्या एका दर्शिनीत, उभ्याने खायच्या उंच टेबलांभोवती आम्ही जमतो. त्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, मूळचे बेळगावकडचे, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलतात. मला लांबून पाहिलं, की हातातली कॉफी सांभाळत ओरडतात, "काय अक्का, ऐकू आलात काय?" मी म्हणायचं, "कुठलं हो!" मग सगळे हसतात. हा आमचा नमस्कार. गाण्यात बेस वाजत असतो पण तो वेगळा कुणाला ऐकू येत नाही, यावर आम्ही वर्षानुवर्षं हसत आलो आहोत. दर्शिनीतल्या स्पीकरवर गाणं लागलं, की आमचे सगळ्यांचे घास थांबतात आणि माना खाली जातात. कुठल्याही गाण्याचे शब्द मात्र आमच्यापैकी कुणाला येत नाहीत. भाचीच्या लग्नात मला गाण्याचा आग्रह झाला तेव्हा मी नुसतं "दूम, दुदुम दूम" म्हटलं, आणि नवऱ्या मुलाकडच्यांनी माझ्या बहिणीला बाजूला घेऊन माझी तब्येत विचारली.

नवीन माणूस आला, की डॉक्टर त्याला पहिला प्रश्न विचारतात, "तुमच्या घरात काय वाजतं?" नवखा गोंधळतो. पण जुन्यांना कळतं. खालचा आवाज भिंतीतून, फरशीतून जातो आणि प्रत्येक घरात एखादी वस्तू अशी असते, की ठरावीक सुराला ती थरथरायला लागते. कुणाकडे खिडकीची काच, कुणाकडे शोकेसमधला कप. डॉक्टरांकडे दवाखान्यातला चिमट्यांचा ट्रे. आम्ही याला दाद म्हणतो, कारण दुसरी कसली दाद मिळत नाही. "काहीच वाजत नसलं तर घर बदला," असा डॉक्टरांचा सल्ला असतो.

माझ्याकडे इडलीपात्राचं झाकण वाजतं. मल्लेश्वरमच्या आमच्या घरात मी माझ्या खोलीत बसून सगळ्यात जाड तारेवर, दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीत बोट दाबलं, की स्वयंपाकघरातल्या फळीवर ते झाकण किर्रर्र करतं. दुसऱ्या कुठल्याच सुराला नाही, फक्त त्या एका सुराला. आणि इथे अप्पांचा प्रश्न येतो.

अप्पा म्हणजे माझे वडील. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. त्यांना आता फार कमी ऐकू येतं. कानात यंत्र आहे, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून ते बहुतेक वेळ शर्टाच्या खिशात असतं. संध्याकाळी मी वाजवायला बसले, की अप्पा पेपर घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. मला वाटायचं, पोरीच्या कटकटीपासून लांब म्हणून. झाकण किरकिरायला लागलं, की ते उठून त्यावर तळहात ठेवायचे आणि ते गप्प व्हायचं. दाराच्या फटीतून मला दिसायचं सगळं. हे पाहून मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं. ज्याला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, त्यालाही माझं वाजवणं सहन होत नाही, म्हणजे काय म्हणायचं?

म्हणून मी एकदा फडक्याची घडी करून झाकणाखाली सरकवली. आवाज बंद. दुसऱ्या दिवशी फडकं ओट्यावर नीट घडी घालून ठेवलेलं. मी पुन्हा सरकवलं. ते पुन्हा ओट्यावर. कितीतरी दिवस असंच चाललं आणि यावर दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. मला काही कळेना. किरकिर नको असेल तर फडकं का काढता? हवी असेल तर हाताने दाबता का? विचारायचं तर ओरडून विचारावं लागणार, आणि असल्या गोष्टी ओरडून विचारता येत नाहीत.

आता बँडबद्दल. आम्ही पाच जण सुट्टीच्या दिवशी कॅफेंमधून जुनी गाणी वाजवतो. गाणारा मुलगा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, बँडचं सगळं तोच बघतो. एका तालमीनंतर तो माझ्याजवळ येऊन पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "ताई, पर्सनली घेऊ नकोस हं. पण तू थोडी मागे राहतेस. म्हणजे बीट पडतो आणि तू किंचित उशिरा येतेस. टाइट वाटत नाही."

"बरं," मी म्हणाले.

"आणि स्टेज लहान असतात ना. कीबोर्डवाल्याचा डावा हात तसा मोकळाच असतो, तो खालचं वाजवू शकतो. या रविवारी इंदिरानगरला बघू. मग सगळे बसून ठरवू."

म्हणजे मला ठेवायचं की नाही, ते. मी हसून "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हटलं आणि रिक्षात बसल्यावर इतका संताप आला, की उतरायचं ठिकाण मागे गेलं. उशिरा येते हे खरं होतं. पण ते मी मुद्दाम करत नव्हते, माझा हातच तसा पडतो. माणसाची चाल असते तशी. ती बदलायला मी आठवडाभर ठोके मोजणारा मेट्रोनोम लावून बसले. बोटं ऐकेनात. बँड सुटला तर माझ्याकडे ऑफिस आणि इडलीपात्र एवढंच उरणार होतं, आणि या विचाराने मला खरंच भीती वाटली.

रविवारी अप्पा म्हणाले, मीही येतो. ते आजवर कधी आले नव्हते. ऐकू येत नसताना येऊन करणार काय, हे मला समजेना, पण नको कसं म्हणायचं?

कॅफेच्या गच्चीवर लख्ख ऊन होतं. अप्पांना मी पुढच्याच पत्र्याच्या टेबलाशी बसवलं. आवाज तपासून घेताना सगळं व्यवस्थित झालं. अप्पांनी खिशात यंत्र टाकलं, टेबलावर हात पालथा ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. टेबल डुगडुगत असेल म्हणून धरलं असावं, असं मला वाटलं.

सुरू करण्याआधी मी एकदा तारा जुळवून घेतल्या. त्यासाठी पायाशी एक छोटं पेडल असतं. ते दाबलं, की त्यावर दिवा लागतो, आवाज बाहेर जायचा बंद होतो आणि लोकांना त्रास न देता सूर लावता येतो. पुन्हा दाबलं, की आवाज सुरू. सूर लागला आणि तेवढ्यात गाणाऱ्याने "वन, टू" म्हणून सुरुवातच केली.

मी आयुष्यात इतकं जीव ओतून वाजवलं नव्हतं. डोळे मिटून, ड्रमवाल्याच्या पायाला चिकटून. बेस पोटाशी धरलेला असतो, तार छेडली की बरगड्यांत जाणवते. ती जाणवत होती. स्टेजवरच्या स्पीकरमध्ये मला मी ऐकू येत नव्हते, पण तशी मी कधीच येत नाही. शेवटचं गाणं संपलं, टाळ्या पडल्या, वायर काढायला मी वाकले आणि माझी सावली पेडलवर पडली. उन्हात न दिसलेला लाल दिवा सावलीत दिसला. लागलेला होता.

पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत मी बंद होते.

अजून वाकलेलीच होते, तोवर गाणाऱ्या मुलाने येऊन पाठीत थाप मारली. "ताई! काय वाजवलंस! एकदाही मागे नाही पडलीस. आता काय ठरवायचंय, तू फिक्स." कीबोर्डवाला हिंदीत म्हणाला, "मैं नीचे थोडा भर रहा था, पर ज़रूरत ही नहीं पड़ी." मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. आणि कहर म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर मागच्या टेबलावरून हात पसरत आले. "अक्का! आज ऐकू आलात बघा!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हे म्हटलं होतं. मी "कुठलं हो" म्हणाले, तर ते आणखीच हसले. राग यावा, लाज वाटावी की हसू यावं, काही ठरेना. मी वाजवते तेव्हा उशीर होतो. वाजवत नाही तेव्हा मी फिक्स. मग हवी होती ती कोण? गप्प बसले तर बँडमधली जागा पक्की होती, आणि बोलावं तर हे सगळे आनंदाने हसत होते. मी वायर गुंडाळत राहिले.

रिक्षात बसल्या बसल्या अप्पा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, "अगं, तू आज वाजवलंच नाहीस."

मी चमकून पाहिलं. रिक्षावाल्यानेही आरशातून पाहिलं.

"तुम्हाला काय माहीत, अप्पा?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"आधी वाजवलंस. टेबलात आलं की. मग लोक जमले आणि तू आलीच नाहीस. मी हात ठेवून बसलो होतो शेवटपर्यंत. म्हटलं, आता येईल, आता येईल."

"अहो, पण आवाज तर होता! सगळे म्हणाले!"

"होता की. तो ढोलवाला येत होता. आणखी कोणी खाली वाजवत होतं. पण ती तू नव्हेस." त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर तळहाताने ठेका धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट प्रत्येक ठोक्यानंतर हलकेच टेकवलं. "तू अशी येतेस. स्वल्प थांबून. आज कोणीच थांबत नव्हतं."

मला रडू आलं. लपवावंसंही वाटलं नाही. नाक पुसत मी शेवटी त्यांच्या कानाशी ओरडूनच विचारलं, "अप्पा, मग ते झाकण तुम्ही दाबता कशाला? मला वाटायचं, तुम्हाला त्रास होतो."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू गोंधळायची पाळी आता त्यांची होती. "त्रास? अगं, हात ठेवल्याशिवाय मला कळणार कसं? आणि तू ते फडकं का घालतेस रोज?"

मी फोन काढला आणि बँडच्या ग्रुपवर लिहिलं, की आज पेडल दाबलेलंच राहिल्याने माझा आवाज सुरुवातीपासून बंद होता, तुम्ही ऐकलंत तो कीबोर्डचा डावा हात होता, आणि मी अजूनही उशिराच येते. पाठवलं. सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा आल्या, पण उत्तर कुणाचंच येईना. घरी पोचेपर्यंत गाणाऱ्या मुलाचं एवढंच आलं, "ताई, मग आता काय करायचं?" मला माहीत नव्हतं, तसंच मी लिहिलं.

अप्पा चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेले. फडकं उपसून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि स्टूल फळीजवळ ओढून बसले. तळहात झाकणावर. "चल," म्हणाले.

मी खोलीतून बेस आणला, छोटा स्पीकर स्वयंपाकघराच्या दारात ठेवला आणि पेडल वगैरे काही न लावता सरळ वायर जोडली. जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत बोट ठेवलं. मनातल्या मनात ठोका मोजला, तो पडून गेला, आणि नेहमीसारखी मी किंचित उशिरा तार छेडली.

अप्पांनी डोळे मिटले.

"हं," ते म्हणाले, "आलीस."