अब्दलीच्या चर्चची आखणी

मापात खोट करणारा माणूस दिसला की झहूरच्या तोंडात कडू पाणी यायचं. राजापूरकडचा हा मिस्त्री एकतीस वर्षं कुवेतमध्ये इमारतींची आखणी करत होता. हातात टेप, कमरेला दोरी आणि ओठांवर सदानकदा एखादी शिवी. मशिदीचा किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, असो की ऑर्थोडॉक्स चर्चची पूर्वेकडची वेदी, त्याची रेघ केसभर हलायची नाही. "नमाज आमचा वेगळा, पण काटकोन सगळ्यांचा एकच," असं तो म्हणे.

यंदा कंपनीने त्याला थेट इराकच्या सरहद्दीलगत, अब्दलीला धाडलं. तिथल्या शेतांवर राबणाऱ्या मल्याळी ऑर्थोडॉक्स मंडळींसाठी चर्च उभं राहायचं होतं. युद्धातले सुरुंग तिथल्या वाळूत अजून सापडत. झहूरचा गाववाला साबीर याच भागात एक पाय ठेवून कोकणात परतला होता. म्हणून आधी जमीन तपासून घेतली होती आणि तपासलेल्या भागाच्या कडेने दगड मांडले होते, अलीकडून पांढरे, पलीकडून लाल रंगवलेले. लालच्या पुढे कुणी सुरुंग शोधलेलेच नव्हते.

शनिवारी झहूरने रस्त्यापासून दगडांपर्यंत मोजलं, बेचाळीस मीटर भरले. रविवारी पंचेचाळीस. रस्ता तोच, टेप तीच. दगडांना पाय फुटले होते!

कशासाठी, ते नवा नकाशा पाहिल्यावर कळलं. पश्चिमेला पाहुण्यांच्या गाड्यांना जागा हवी, म्हणून अख्खं चर्च तीन मीटर पूर्वेला सरकवलं होतं. वेदीचा पाया न तपासलेल्या वाळूत येत होता. गाड्या ऐटीत लागाव्यात म्हणून देवाच्या घराखाली मरण! थू!

रस्त्याच्या कडेला पोकलेनचं इंजिन सुरूच होतं. वर नाशिकचा शत्रुघ्न बसलेला. खोदाईची पहिली बादली त्यालाच मारायची होती.

शेजारी साइट इंजिनिअर आलोक उभा होता. पुण्याचा, इस्त्रीच्या शर्टातला, कायम हसरा.

"साहेब, दगड कोणी हलवले?" झहूरने सरळ विचारलं.

"कोणी हलवणार? होते तिथेच आहेत, झहूरभाई. उन्हाने टेप ताणली असेल तुमची." आलोक हसला. "आणि त्यांच्या चर्चची तुम्हाला का एवढी पडलीय? यल्ला, चला, उरका."

तीन मीटर ताणली! झहूरला त्या हसण्याचीच शिसारी आली. एक ठेवून द्यावी असं वाटलं, पण त्याने आवाज खाली आणला.

"बरं साहेब. मग वेदीच्या जागेवर टेपचं टोक तुम्हीच धरा. खात्रीची जागा हाय ना? मी हितून आकडा वाचतो."

शत्रुघ्नने मान बाहेर काढली. मजूरही बघू लागले. सगळ्यांदेखत नाही म्हणायची सोय राहिली नाही. आलोकने टोक घेतलं आणि हसतच पूर्वेकडे चालू लागला. रंगवलेले दगड पुढे स्पष्ट दिसत होते. वाऱ्याने वाळू सारखी केली होती, जुन्या रांगेची खूणही कुठे उरली नव्हती.

टेप सुटत गेली. चाळीस. एक्केचाळीस.

बेचाळिसावर आलोक थांबला.

"अजून तीन मीटर, साहेब," झहूर ओरडला.

आलोकने पुढच्या दगडांकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. पाऊल काही उचललं नाही.

शत्रुघ्नने इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली आणि खाली उतरला.