पाणी तयार होईपर्यंत मासे नाहीत

भामरागडकडच्या आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, तेव्हा प्रयोगशाळेत काचेची एक मोठी टाकी कोरडी पडली होती. आदल्या वर्षी तिच्यात रंगीत मासे सोडले होते. ताजं पाणी, त्याच दिवशी मासे आणि तळाला प्लास्टिकची झाडं. आठवडाभरात सगळे मेले. पोरींनी ते शाळेमागे पुरले होते. त्यांनी मला ती जागाही दाखवली.

"मॅडम, आम्ही हात लावला म्हणून मेले ना?" आठवीतल्या एकीनं विचारलं. कुणा मोठ्या माणसानं त्यांना तसंच सांगितलं होतं.

माझं डोकं सणकलं. "हातानं नाई मेले," मी म्हटलं. "पाणी कच्चं होतं."

त्याच दिवशी फळ्यावर समजावून सांगितलं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, आणि तो त्यांनाच विष असतो. त्याला पचवणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वस्ती करतात. अमोनियाचं आधी नायट्राइट होतं. तेही विषारीच. मग नायट्रेट, जे थोडंफार असलं तरी चालतं. जिवंत झाडं यातलं बरंचसं स्वतःच खाऊन टाकतात. म्हणून आधी झाडं, मग जिवाणू, आणि मासे सगळ्यांत शेवटी.

नदीची वाळू पोरींनी पाणी निवळेपर्यंत धुतली. तलावातून पाण्याखाली वाढणारी हिरवी वेल आणि लांब पात्यांचं गवत आणलं. जळवा येऊ नयेत म्हणून ते आधी वेगळ्या बादलीत ठेवलं. इथल्या विजेचा भरवसा नाही, म्हणून झाडांना उजेड मिळेल अशी टाकी खिडकीजवळ मांडली. जिवाणूंना खायला मिळावं म्हणून मी रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायची.

"मासे नाईत अन् जेवण कोणाले देऊन राह्यल्या?" मुख्याध्यापक दारातूनच हसायचे.

मग पानं सडली. तपकिरी, बुळबुळीत झाली, पाणी गढूळलं. मुख्याध्यापक नाक दाबून म्हणाले, "मॅडम, हा कचरा झाला. फेका."

"नव्या पाण्यात जुनी पानं गळतातच, सर. खाली कोंब पाहा."

त्यांनी पाहिलं नाही. आम्ही सडकी पानं कापून काढली, कोंब राहू दिले.

त्यातच मोठे साहेब शाळा पाहायला येणार असल्याचं कळलं. त्या सकाळी मुख्याध्यापक चंद्रपूरहून मागवलेल्या माशांच्या पिशव्या घेऊन प्रयोगशाळेत आले.

"सोडा पटकन. साहेब येऊन राह्यले."

मी टाकीतलं थोडं पाणी नळीत घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकले. पाणी जांभळं झालं. नायट्राइट अजून होतं.

"नाई सोडणार, सर."

"काऊन नाई? साहेब गेल्यावर मेले तं मेले!"

"पोरी पाहून राह्यल्या."

त्यांचा आवाज चढला. माझाही चढला. शेवटी पिशव्या मीच त्यांच्या हातातून घेतल्या आणि बागेतल्या जुन्या हौदाकडे निघाले. त्यात वर्षानुवर्षांचं शेवाळ होतं, गावातले बारके मासे मजेत जगत होते. थोडा वेळ पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग मासे सोडले.

साहेब आले. टाकीपुढे थांबले. "मासे कुठे आहेत?"

"पाणी अजून तयार नाही, साहेब."

"मग दाखवताय काय?"

"झाडं."

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे वळले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी एका ओळीत दिला: पाणी तयार नव्हतं. खाली सही केली.

पुढे एके दिवशी अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही तपासण्यांत विषाचा रंग आला नाही. झाडांना नवी पानं फुटली होती, उन्हात त्यांच्यावर बुडबुडे चढत होते. आम्ही हौदात सोडलेले मासे थोडे थोडे करून टाकीत आणले. पावसाळ्यात नदी पुलावर चढली, रस्ता तुटला, वीजही गेली. फिल्टरचा पंप मुका झाला. मी पोरींना सांगितलं, खाद्य अगदी कमी टाका. ढगाळ उजेड का होईना, खिडकीतून येत होता, आणि टाकीत मासे मोजके, झाडं भरपूर होती. मासे तगले. मुख्याध्यापक रोज डोकावून जायचे.

वीज आल्यावर ते आत आले आणि काचेला नाक लावून उभे राहिले.

"मॅडम, झाडाईनं मासेच दिसत नाईत. अर्धी उपटून टाका."

"नाई, सर," मी म्हटलं. "झाडं राहतील."

पोरी हसल्या. तेही थोडे हसले, पण हुकूम काही मागे घेतला नाही. मीही तो पाळला नाही.