खडूसपणा भाड्याने

मी राहते वरच्या मजल्यावर; प्रभात रोडवरचा माझा तळमजल्याचा फ्लॅट, दोन बेडरूमचा, भाड्याने द्यायचा होता. आयटीतली पोरं बघायला येत आणि मी त्यांना दारातूनच वाटेला लावत असे. आनंदीबाई खडूस आहेत, असं सोसायटी म्हणते. म्हणू दे! फाटकावर मी पाटीच लावली आहे: 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. नातेवाइकांनीही.'

हिंजवडीत कंपन्यांच्या बसगाड्या नुकत्या धावायला लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. तिथल्याच गावातले धोंडिबा आणि त्यांची बायको मुक्ताई एका सकाळी दारात उभे. जमीन आयटी पार्कात गेलेली. आलेल्या पैशांतून इमारत बांधून त्यांनी स्वतःच भाडेकरू ठेवलेले. असली माणसं माझ्याकडे कशाला राहायला येतील?

"अहो, तुमच्याच इमारतीत राहा की," मी म्हटलं.

धोंडिबा टोपी काढून डोकं खाजवत बसले. बोलल्या त्या मुक्ताई. "तिथं चूल इझत न्हाय, बाई. जमीन इकल्यापास्नं कुठला कुठला भाऊबंद येतो आन् जेवूनच जातो. मला कुनाला न्हाय म्हनता येत न्हाय. डागदर म्हनतो, कंबरंला आराम द्या. देऊ कुठं? तुमची पाटी ह्यांनी वाचून दावली, तवाच म्हटलं, हीच जागा!"

म्हणजे ही बाई फ्लॅट नाही, माझा खडूसपणा भाड्याने घ्यायला आली होती! इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. करार मी त्याच आठवड्यात करून टाकला.

मग काय, धमालच. पाहुण्यांची जीप फाटकाशी थांबली की मुक्ताई वर फोन करायच्या, "बाई, जरा येता का?" मी चष्मा चढवून खाली. "कोण आपण? कळवून आलात का? नाही? मग कळवून या." बिचारे चहासुद्धा न घेता परत जायचे. मुक्ताई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसायच्या. दुपारी झोपायला शिकल्या, संध्याकाळी माझ्याबरोबर कमला नेहरू पार्कात फिरायला लागल्या. गालावर रंग चढला बाईंच्या.

आणि एके दिवशी त्यांचे थोरले दीर आले, सीताराम. त्यांच्यासमोर मुक्ताईंनी कधी मान वर केली नव्हती. बरोबर जीपभर माणसं. फोन वाजला, मी खाली गेले खरी, पण त्याच सकाळी माझी दाढ काढलेली! तोंडात कापसाचा बोळा, अर्धा जबडा बधिर. बोलायला गेले तर नुसतं "अं अं".

"मुक्ता, भाकरी टाक सगळ्यांच्या," सीताराम कोचावर बसत म्हणाले.

मुक्ताईंनी परात घेतली. पीठही काढलं. माझ्याकडे बघितलं, माझ्या सुजलेल्या गालाकडे बघितलं. मी 'नको, नको' म्हणून जोरजोरात मान हलवत होते. मला इतकी चीड आली होती की तो बोळा काढून फेकावासा वाटला. धोंडिबा आपले खिडकीबाहेर बघत होते, जसं काही ते घरातच नाहीत.

मुक्ताई परात तशीच ठेवून बाहेर आल्या. पदर सारखा केला.

"आबा, आज सैपाक न्हाय व्हायचा. माझी कंबर धरलीया. म्होरल्या चौकात खानावळ हाय, झ्याक जेवान मिळतंय."

सगळे सीतारामांकडे बघायला लागले.

सीतारामांनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठले. "बरं," म्हणाले. "जप तब्येतीला." चपला घातल्या आणि सगळे गेले.

मुक्ताई मटकन खाली बसल्या. एका डोळ्यात हसू, एका डोळ्यात पाणी.

"बाई," त्या म्हणाल्या, "एवढंच व्हतं व्हय?"