पाण्याखालच्या गावांचा तास

शिक्षकांकडे किस्से कसे साठतात ते शाळेत नोकरी केलेल्यालाच कळतं. इतरांचे किस्से ऐकून लोक हसतात. माझे सांगायला बसले की माझंच डोकं तापतं. तरी सांगते.

मी मूळची लातूरची. २००१ साली माले गावाच्या पुढे, मुळशी धरणाच्या काठच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात पाचवीच्या वर्गाला म्हटलं, उद्या आपापल्या गावाचा इतिहास घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी सुनंदा नावाची मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, आमचं गाव पाण्यात हाय. त्याचा इतिहास कुटं बघायचा?"

धरणासाठी ऐंशी वर्षांपूर्वी इथली गावं बुडवली, लोकांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. बी.एड. झालेली मी. आमच्या पुस्तकात लांबलांबच्या लढाया होत्या, वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याबद्दल एक ओळ नव्हती. पहिला राग स्वतःचाच आला.

*

सुनंदाचे पणजोबा कोंडीबाबा त्या सत्याग्रहाच्या वेळी सात-आठ वर्षांचे होते. त्यांना वर्गात बोलवायचं ठरवलं. नव्वदीला टेकलेले बाबा दोन तास चालत आले. हेडमास्तरांनी फाटकातच अडवलं आणि मला बोलावून विचारलं, हे परीक्षेला येणार आहे का? मी नाही म्हटलं. "मग पोर्शन पुरा करा, मॅडम."

आणि मी मुकाट वर्गात जाऊन खडू उचलला. त्याची लाज अजून जात नाही. बाबा बाहेर दगडावर बसून राहिले. मधली सुट्टी झाली तशी पोरं डबे घेऊन त्यांच्याभोवती जाऊन बसली. त्या दिवशी सुट्टी दहा मिनिटं आधी संपली. घंटा हेडमास्तरांनी स्वतः वाजवली.

*

पुढच्या वर्षी तपासणीला एक साहेब आले. सहावीत शिरून म्हणाले, धरणाचा फायदा सांगा.

सुनंदा म्हणाली, "वीज व्हते, सायेब."

साहेब खूश झाले. कुठं जाते वीज, म्हणाले.

"मुंबईला."

"आणि तुमच्या वाडीत?"

"तितं अजून खांबच न्हाई."

शेरेबुकात शेरा पडला: इतिहासाच्या शिक्षिका मुलांची मनं कलुषित करतात. खाली माझी सही लागत होती. पेन इतका दाबला गेला की कागद फाटला.

*

कोळवणला फार्महाऊस घेतलेले पुण्याचे एक गृहस्थ पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुणे होते. भाषणात म्हणाले, या भागाला इतिहास नसला तरी निसर्ग भरपूर आहे. टाळ्या हेडमास्तरांनी सुरू केल्या.

आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी माइक घेतला आणि म्हटलं, समोर बसलेल्या पोरांची खापरपणजोबा मंडळी याच दिवसासाठी आणि आपल्या जमिनीसाठी तुरुंगात गेली होती, पाहुण्यांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. मला मेमो मिळाला.

*

सुनंदा सातवीत गेली त्या वर्षी मुलांनी घरोघरी विचारून बुडालेल्या गावांची, वाड्यांची नावं गोळा केली. शनिवारी शाळेच्या मागच्या भिंतीवर गेरूनं लिहिली. सोमवारी येऊन बघते तर भिंत पांढरी. चुना अजून ओला होता.

हेडमास्तर एवढंच म्हणाले, "भिंत शाळेची आहे."

तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती. तशीच वर्गात गेले आणि हजेरी घ्यायला लागले. हेडमास्तर मागोमाग येऊन दारात उभे राहिले.

"अनिता."

अनिता 'हजर' म्हणाली नाही. म्हणाली, "भोईरवाडी."

मी वर पाहिलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी पुढचं नाव घेतलं.

"बाळू."

"सुतारवाडी."

"सुनंदा."

"वरची पेठ."

बत्तीस मुलं होती. मी एकेकाच्या नावापुढे हजेरी मांडत गेले. शेवटचं नाव होईपर्यंत हेडमास्तर दारातून हलले नाहीत.