जेवणाचा भोंगा आणि दुर्गा

दुर्गा झोपेतच गेली, हे तिच्या भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी साकोलीच्या आमच्या पोहा मिलचं शटर उघडत होते. मिल तशीच बंद करून आम्ही सगळे एकोडीला तिच्या घरी गेलो. तिथं बाया रडता रडता तिचे किस्से सांगत होत्या आणि मधेच हसत होत्या... तिच्या आईनंही त्यांना थांबवलं नाही.

दुर्गाला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व होतं. आमच्याकडे पॅकिंगला लागली तेव्हा ती तिशीत होती. मी तिची सुपरवायझर. एका वेळी एकच काम सांगितलं की मन लावून करायची. दोन सांगितली की पिशवी मांडीवर ठेवून गप्प बसायची. मग मीच एकेक सांगायला शिकले. कामाइतकीच तिला माणसं प्यारी. सकाळी येणाऱ्या प्रत्येकीचा पदर हातात घेऊन ती विचारायची, साडी नवी आहे का? जुनी असली तरी हो म्हणावं लागे, नाहीतर तिचा चेहरा उतरायचा.

पुढे मालकांनी, रमेशभाऊंनी, जेवणाच्या सुटीसाठी भोंगा बसवला. तो पहिल्यांदा वाजला तशी दुर्गा कान दाबून टेबलाखाली शिरली, आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, राहू द्या आता, घरी सुखात राहील. दाराआड उभ्या दुर्गाचे डोळे भरून आले होते. मी तिलाच विचारलं, काय केलं तर येशील?

"मले भोंग्याचा भेव लागते," ती म्हणाली. "तो कायले पाहिजे? मी सांगतो ना सगळ्यायले, जेवाले चला म्हणून."

मशीनच्या आवाजात हिची हाक कोणाला ऐकू येणार, अशी रमेशभाऊंना शंका होती. पण भोंगा त्यांनी काढला आणि दुर्गा परत कामाला आली. हाक मात्र तिनं मारलीच नाही. ती एकेकाजवळ जाऊन हात धरायची. पहिल्याच दिवशी केबिनमध्ये शिरून तिनं रमेशभाऊंना उठवलं, आणि समोर बसलेल्या व्यापाऱ्यालाही! तोवर बाया मागच्या खोलीत, हमाल झाडाखाली आणि मालक केबिनमध्ये जेवायचे. सगळे आल्याशिवाय दुर्गा डबा उघडू देईना, म्हणून सगळ्यांची एकच पंगत झाली... तिच्या भाजीत दहा जणांचे हात!

तिच्यापासून मिलमध्ये एक रीत पडली. नवं माणूस आलं की काम सांगण्याआधी आम्ही विचारतो, तुम्हाला इथं कशाचा त्रास होईल? कोणी धुळीचा सांगतं, कोणी ओरडण्याचा. मागच्या आठवड्यात नवे हिशेबनीस आले, निवृत्तीनंतर पुन्हा कामाला लागलेले, गंभीर गृहस्थ. त्यांनाही विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बायको गेल्यापासून," ते म्हणाले, "एकट्यानं जेवाचा त्रास होते."

दुपारी बाया सरकल्या आणि पंगतीत त्यांच्यासाठी जागा झाली.