पायातला क्रूस

आमचं घर पाचूबंदरला, वसईच्या किल्ल्याच्या हद्दीत. तिथे वीट रचायची तरी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागे. ऐंशी साल उजाडायच्या सुमाराला कुडाच्या घराच्या जागी पक्कं घर बांधायची परवानगी मिळाली, तीही एका अटीवर. किल्ल्याचा एकही दगड वापरायचा नाही.

अट सोपी होती, माझे बाबा सोपे नव्हते. आमच्यात पायाचा पहिला दगड फादरांच्या हातून आशीर्वादित करून घेतात. बाबांनी त्यासाठी किल्ल्यातल्या पडक्या चर्चपाशी पडलेला, क्रूस कोरलेला दगड चार गडी लावून आणला. "ह्याच्याहून पवित्र दगड कुठं मिलनार?" म्हणाले. फादरांना वाटलं, मुद्दाम घडवून घेतलाय. त्यांनी प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं आणि दगड कोपऱ्यात बसला.

जोतं वर आलं तसे पुरातत्त्वाचे साहेब पाहणीला आले आणि थेट त्या क्रुसापाशी थांबले. "हा जागेवर परत गेला नाही तर परवानगी रद्द. जोतंही पाडावं लागेल."

जुनं घर आम्ही आधीच मोडलं होतं. होडीचं शीड बांधून त्याखाली राहत होतो. तरी बाबा अडून बसले. आशीर्वादाचा दगड उपटला तर पाप लागेल, हेच पालुपद. त्यांचा मला असा राग आला की मी जेवलेच नाही. घर जायची पाळी आली होती आणि हे पापाचा हिशेब करत बसले होते!

शेवटी आईने पहार उचलली. "आशीर्वाद घराला दिलाय, दगडाला नाय," म्हणाली आणि कोपरा उकरायला लागली. बाबा बघत राहिले. मग उठून त्यांनी तिच्या हातातली पहार घेतली.

दगड परत नेला तो होडी ओढतात तसा. खाली ओंडके, पुढे दोर आणि दोराला सगळा पाडा. चर्चला आमच्यात देऊळच म्हणतात; बायका हसत होत्या, "देवळात नवरी चालली!" बाबा सगळ्यांत पुढे होते, घामाने निथळत. दगड चर्चच्या भिंतीशी टेकवून त्यांनी क्रुसाची खूण केली. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला, आणि आईचा त्याहून जास्त.

पायाचा कोपरा मात्र रिकामा राहिला होता. बाबा किनाऱ्यावर गेले आणि आजोबांच्या होडीचा जुना दगडी नांगर खांद्यावर घेऊन आले. मधोमध दोराचं भोक, कडा लाटांनी गुळगुळीत झालेल्या. फादरांनी पुन्हा येऊन त्यावर पाणी शिंपडलं.

साहेब दुसऱ्यांदा आले तेव्हा वाकून त्या भोकाकडे बघत राहिले. "हा कुठल्या इमारतीचा?"

बाबा ताठ उभे राहिले. "इमारतीचा नाय, साहेब. माज्या बापाचा."